लोकरीला विटाळ नसतो

पुडकं कुरिअरने आलं तेव्हा मी ओटीवर केळीची पानं पुसत बसले होते. सुनेने ते माझ्यासमोरच फोडलं. आत चार सदरे आणि चार पायजमे निघाले, निम्मे काळे, निम्मे राखी. मी एक हातात घेऊन बघितला. मलमलीसारखा पातळ आणि मऊ.

"यात लोकर कुठे आहे?" मी विचारलं.

"सगळी लोकरच आहे. मेरिनो म्हणून एक मेंढी असते, तिची. थंडीत ऊब देते, ऊन पडलं तर घामाघूम करत नाही. तीन-चार दिवस घातला तरी वास येत नाही. रात्री खिडकीशी टांगायचा, सकाळी परत घालायचा."

"तीन दिवस अंगावर तेच? न धुता?"

"न धुता."

मग तिने सदऱ्याचा गळा उलटा केला, आतली पट्टी बघितली आणि वाचून दाखवलं, "शंभर टक्के लोकर. यात नायलॉन नाही, आई."

एवढं बोलून ती घड्या घालायला लागली. आवाज चढला नव्हता, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी हातातलं पान खाली ठेवलं. तीस वर्षं झाली होती त्या गोष्टीला. मला वाटलं होतं ती विसरली असेल. खरं सांगायचं तर वाटलं नव्हतं, तसं धरून चालले होते.

नायलॉनचं काय ते पुढे सांगते. आधी हे कपडे घरात का आले ते सांगायला हवं.

माझी सून डिसेंबरात रिटायर झाली. मुंबईच्या एका ऑफिसात तिने जन्म काढला. मुलगा सातिवलीला एका कारखान्यात देखरेखीचं काम करतो, सकाळी सातला जातो तो रात्री आठला येतो. नातू नोकरीसाठी पुण्याला. घरात दिवसभर आम्ही दोघीच. रिटायर झाल्यावर बायका सोनं मागतात, स्वयंपाकघर नवीन करून घेतात. हिने जेवताना एवढंच सांगितलं, "मला बर्फ बघायचाय. हिमाचलला जाऊन येते, आठ दिवस."

मुलगा म्हणाला, "जा की. पण आईचं काय?"

माझं वय ऐंशी. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडले, तेव्हापासून मला कोणी एकटीला ठेवत नाही. मुलाला रजा नाही. मुलगी स्वतःच दुखण्यातून उठलेली. म्हणजे सुनेचा रस्ता माझ्यापाशी येऊन थांबला.

"मग त्यांना घेऊन जाते," ती म्हणाली.

"आईला? डोंगरात?"

"गाडी दारापर्यंत जाते. मी विचारलंय."

तिने आधीच सगळी चौकशी केली होती. विमानाने चंदीगड, तिथून गाडी, डोंगरात एका बाईच्या घरी उतरायचं. सामानाची एकच अट. दोघींच्या दोन लहान पिशव्या, शाळेच्या दप्तराएवढ्या. "माझी पाठीवर, तुमची पोटावर," ती म्हणाली. "हात दोन्ही मोकळे पाहिजेत. एका हातात तुम्ही, एका हातात कागदपत्रं." म्हणून ते मेरिनोचे कपडे. प्रत्येकीला दोन जोड. एक अंगात, एक पिशवीत.

तेव्हा गोष्ट अशी होती. मी गेले तर ती जाणार. मी नाही म्हटलं तर ती राहणार. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यात जास्त मला.

आता माझं सांगते. मी चौथी शिकले आणि लग्न करून इथे, वसईजवळच्या सांडोरला आले. आमची बागायती. केळी, भाजी, थोडी खायची पानं. माल मुंबईला जायचा. हारा म्हणजे मालाचा मोठा टोपला, तो भरण्याचं काम बायकांचं, आणि मी भरलेला हारा फिरवून, आपटून उघडला तरी आत एक पान फाटलेलं निघायचं नाही. तळाला केळीच्या खोडाची ओली सोपटं, त्यावर मोठी पानं, मध्ये कोवळी, कडेला जागा नावाला नाही. सामान भरणं मला कोणी शिकवावं असं नाही. पण आम्ही भरायचो ते दाबून, गच्च. लग्नाला निघालो तरी तांदळाची गोणी, केळीचा लोंगर, नारळ, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी, पापडांचे डबे. हातात जेवढं ओझं जास्त तेवढी माणसाची किंमत. रिकाम्या हाताची बाई दारात उभी राहिली तर लोक तिच्या मागे बघतात, सामान कुठे राहिलं म्हणून. तिथे दप्तराएवढी पिशवी घेऊन विमानात बसायचं म्हणजे मला उघडं फिरायला सांगितल्यासारखंच होतं.

तरी तेवढ्याने मी नाही म्हटलं नसतं. मला नको होती ती लोकर.

आमच्या घरात बाई बाजूला बसायची. महिन्याचे तीन दिवस. मागच्या दाराला लागून एक माणूस झोपेल एवढा कोनाडा होता, तिथे. ताट वेगळं, तांब्या वेगळा. जे कापड तिच्या अंगाला लागलं ते धुवायलाच पाहिजे, चौथ्या दिवशी गोधडीसुद्धा. फक्त एक वस्तू धुवायची नाही. घोंगडी. लोकरीला विटाळ नसतो. माझ्या सासूने पहिल्या महिन्यातच मला हे सांगितलं होतं. म्हणून बाजूला बसणाऱ्या बाईला अंथरायला घोंगडी, पांघरायलाही तीच. तीन दिवस झाले की ती झटकून मागच्या भिंतीवर खुंटीला टांगायची. खुंटीवर घोंगडी नसली की सगळ्या वाडीला कळायचं कोण बाहेर बसलंय. ती टोचायची. मांड्यांना पुरळ यायचं. उन्हाळ्यात तिच्यावर झोपायचं म्हणजे काट्यावर झोपणं. मी पंधरा-सोळा वर्षांची होते. त्या घोंगडीवर कितीदा रडले ते मोजलं नाही.

मग मी सासू झाले. आणि खुंटीवरची घोंगडी काढून सुनेला दिली. तीच. लोकर टिकते.

ती नोकरी करायची. सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी येऊन त्या कोनाड्यात बसायची. मुंबईत ती दिवसभर कोणाकोणाला शिवून यायची ते मला चालत होतं, पगार घरात येत होता. मागच्या दाराने आत आली की मात्र नियम चालू. तिने कधी भांडण केलं नाही. एकदा विचारलं होतं, "आई, तुम्हाला पण टोचायची का ही?" मी म्हटलं, "सवय होते." खोटं. सवय होत नाही.

तीस वर्षांपूर्वी तिच्या ऑफिसातल्या आठ बायका सिमल्याला निघाल्या. दहा दिवस. हिला पण न्यायचं ठरलं. मुलगा हो म्हणाला, माझ्या यजमानांनी मान हलवली. नातू तीन वर्षांचा, तो माझ्याकडे राहणार. मी नाही म्हटलं नाही. विचारलंच नव्हतं कोणी. तिने चार दिवस आधीपासून बॅग भरून मधल्या खोलीत ठेवली होती. रोज उघडायची, हात फिरवायची, परत बंद करायची. वर एक स्वेटर, गडद लाल, गळ्याला पांढरी पट्टी. तिच्या आईने विणला होता. त्या बाईला एका डोळ्याने कमी दिसायचं, टाके मोजायला शेजारची मुलगी लागायची. लोकर स्वतः दुकानात जाऊन निवडलेली, भारीतली. वसईत तो स्वेटर घालायला कधी थंडी पडत नाही. तो त्या प्रवासासाठीच होता.

निघायच्या दिवशी सकाळी ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आई, मी बाहेरची झाले."

लपवता आलं असतं तिला. संध्याकाळी गाडी होती, आठ तास गप्प बसली असती तर कोणाला कळणार होतं? पण ती माझ्या घरात नियमाने राहत होती, म्हणून येऊन सांगितलं.

मी म्हटलं, "बॅगेला हात लावलास ना सकाळी?"

"लावला. टॉवेल ठेवला आत."

"मग सगळं बाटलं. धुवायला पाहिजे."

"आई, संध्याकाळी जायचंय."

मी बॅग उचलली आणि विहिरीपाशी नेली. दगडी दोणीत सगळं ओतलं. साड्या, परकर, टॉवेल. चुलीवर पाणी आधण ठेवलं होतं ते आणून घातलं, सोडा टाकला. ती मागच्या दारात उभी होती, पुढे येऊ शकत नव्हती. मी लाल स्वेटर हातात घेतला तेव्हा ती म्हणाली, "आई, तो लोकरीचा आहे. लोकरीला विटाळ नसतो ना?"

विहिरीवर शेजारणी होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "ही कुठली लोकर? असल्या विकतच्या लोकरीत नायलॉन असतं."

आणि तो उकळत्या पाण्यात घातला. धोपाटण्याने धोपटला. दोन्ही बाजूंनी.

हे लिहिताना सगळं नियमावर ढकलायची सोय होती. तेव्हाचे रिवाजच तसे, आमच्या सासवांनी आम्हाला तसंच वागवलं, असं पुष्कळ बायका सांगतात आणि सुटतात. मला तसं सुटता येत नाही. नियम तिच्या बाजूने होता. मी तो मोडला. मला माहीत होतं ती लोकर आहे. घोंगडी आणि स्वेटर हाताला ओळखू न यायला मी काय शहरातली होते? मी पन्नास वर्षांची झाले होते आणि नाशिकच्या पुढे गेले नव्हते. ही अठ्ठावीस वर्षांची पोर बर्फ बघायला जाणार होती आणि मी तिचं मूल सांभाळणार होते. एवढंच कारण होतं. दुसरं शोधून सापडत नाही.

हवा दमट होती, संध्याकाळपर्यंत एक साडी वाळली नाही. बरोबरच्या बायका म्हणाल्या, आमच्या साड्या घाल, चल. मुलगा म्हणाला, "राहू दे, आईच्या मनाला एवढं लागलंय तर. पुढच्या वर्षी जा." ती कोनाड्यात जाऊन घोंगडीवर बसली. पुढच्या वर्षी तिची आई गेली. मग नातवाची शाळा, यजमानांचं आजारपण, घराचं काम. पुढचं वर्ष असं तीस वर्षं चाललं.

स्वेटर आटून टोपीएवढा झाला, घट्ट, कांबळ्यासारखा. तिने तो जुन्या चिंध्यांत टाकला. मी चिंध्यांतून काढला आणि त्याची चुंबळ केली. हारा डोक्यावर घ्यायला चुंबळ लागते. फार चांगली झाली, सरकायची नाही. चार-पाच वर्षं वापरली. ती रोज बघायची.

तर त्या दिवशी ओटीवर तिने मला पट्टी वाचून दाखवली. आणि मी काय केलं? मी आजारी पडले. दुसऱ्या दिवसापासून गुडघे दुखायला लागले, तिसऱ्या दिवशी छातीत धडधड. मुलाला म्हटलं, "डोंगरात श्वास लागला तर? तिथे डॉक्टर कुठून आणणार?" लोकर अंगाला लावायची नव्हती, आणि त्याहून जास्त म्हणजे आठ दिवस तिच्याबरोबर एका खोलीत राहायचं नव्हतं. घरात भिंती असतात, कामं असतात, टीव्ही असतो. तिथे काय असणार होतं?

मुलगा रविवारी जेवताना म्हणाला, "मग राहू दे या वर्षी. आईला बरं नसेल तर कशाला जबरदस्ती. पुढच्या वर्षी बघू."

तेच शब्द. त्याला आठवत नव्हते. पुरुषांना बाकी सगळं आठवतं.

सून उठली. ताट उचललं, हात धुतले, आत गेली. मी बसल्या जागेवरून बघत होते. तिने खुर्चीवरची पिशवी घेतली, चेन उघडली आणि एकेक कपडा बाहेर काढून पलंगावर ठेवायला लागली. सावकाश. राखी सदरा, काळा सदरा. एवढी छोटी पिशवी रिकामी करायला वेळ किती लागणार.

मी उठले. गुडघे दुखले नाहीत. आत जाऊन पलंगावरचा एक सदरा उचलला, माझ्या खोलीत गेले, दार लावलं, पोलकं काढलं आणि तो अंगात घातला. टोचेल म्हणून दात आवळून धरले होते. टोचला नाही. काहीच झालं नाही. वरून साडी नेसले आणि बाहेर आले.

ओटीवर शेजारीण येऊन बसली होती, माझ्याच वयाची, तोंडाची फटकळ. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. गळाबंद काळा सदरा, लांब बाह्या, खाली हिरवी साडी.

"काय गो, पोलिसात भरती झालीस का?"

"हिमाचलला चालले."

"या अवतारात? तिथली माकडं पळतील."

"पळू देत. सुनेला बर्फ मोकळा मिळेल."

"आणि गुडघे गो तुझे? काल तर उठवत नव्हतं."

"नाटक होतं," मी म्हटलं.

ती हसली, तिला वाटलं मी थट्टा करतेय. मुलगा हसला नाही. सून दारात येऊन उभी होती. तिने सदऱ्याची बाही पकडून मनगटापर्यंत खाली ओढली, मापाची आहे का बघितलं आणि म्हणाली, "बरोबर बसलाय." आणि परत आत जाऊन पिशवी भरायला लागली.

भरताना मी मध्ये बोलले, राहवलं नाही. ती घड्या घालून एकावर एक ठेवत होती. मी म्हटलं, "गुंडाळ. पानं गुंडाळतो तशी. मोजे त्या पोकळीत घाल." तिने तसं केलं. जागा उरली. त्या जागेत मी सुकेळीची तीन पुडकी घातली. तिने दोन काढली. मी तांदळाच्या पापडांचा डबा आणला, तिने तो परत आत नेऊन ठेवला. "त्या घरच्या बाईकडे रिकाम्या हाताने जायचं?" मी म्हटलं. "आपण पैसे देऊन राहणार आहोत, आई. पाहुण्या नाही." शेवटी एका पुडक्यावर तडजोड झाली. भाजी तोलायचा काटा ओटीवर टांगलेलाच असतो, त्याला पिशव्या अडकवल्या. माझी साडेतीन किलो भरली. ऐंशी वर्षांच्या बाईचं सगळं सामान साडेतीन किलो. भोपळा याहून जड असतो.

विमानाचं फार सांगण्यासारखं नाही. कानात दडे बसले. तिने माझा हात धरला होता, सांगितल्याप्रमाणे. लोक मोठमोठ्या पेट्यांसाठी फिरत्या पट्ट्यापाशी ताटकळत होते आणि आम्ही त्यांच्यासमोरून चालत बाहेर पडलो. ते मात्र मला आवडलं. गाडीला सगळा दिवस लागला. दोनदा ओकले. सदऱ्याच्या बाहीवर पडलं, तिने ओल्या फडक्याने तेवढंच पुसलं आणि वाऱ्याला धरलं. तासात वाळलं.

डोंगरातलं घर लाकडाचं होतं. मालकीण पन्नाशीची, पंजाबी ड्रेस आणि डोक्याला रुमाल. खिडकीतून समोर वरच्या डोंगरावर बर्फ दिसत होता. चुना सांडल्यासारखा. सून खिडकीत उभी राहिली ती जेवायला हाक येईपर्यंत. दुसरा दिवस पावसात गेला, रस्ता बंद होता. आम्ही दोघी खोलीत बसलो. मी म्हटलं तसंच, तिथे काही नव्हतं. चहा यायचा, आम्ही प्यायचो. ती पुस्तक वाचत होती. मी तिच्याकडे बघत होते आणि तिने वर बघितलं की दुसरीकडे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. गाडीवाल्याने निरोप दिला, रस्ता उघडलाय, दहाला निघू. दोघींनी वर जायचं ठरलेलं होतं, गाडी बर्फाच्या कडेपर्यंत जात होती. मी तीन दिवस तोच सदरा घातला होता. तो काढून दुसरा घातला आणि काढलेला तिच्या हातात दिला.

"वास येतो का बघ."

तिने नाकाला लावला. कसलीही किळस न करता, जसं लहान मुलाचं कापड हुंगतात तसा. "नाही येत," म्हणाली आणि खिडकीच्या खिळ्याला टांगला.

माझ्या तोंडून तेव्हा निघालं. आधी ठरवलं नव्हतं. "तो तुझा लाल स्वेटर. तो मी मुद्दाम धुतला होता. ती लोकर होती हे मला माहीत होतं."

ती सदऱ्याच्या बाह्या सरळ करत होती. त्या करून झाल्यावर म्हणाली, "मला माहीत आहे."

"केव्हापासून?"

"तेव्हापासूनच. नायलॉन गरम पाण्यात आटत नाही, आई."

किती साधी गोष्ट. सबंध वाडीने तो आटलेला स्वेटर बघितला, विहिरीवरच्या त्या शेजारणींनी बघितला, आणि मी तीस वर्षं समजत होते की माझं खोटं खपलं. डोक्यावर चुंबळ म्हणून मिरवलं मी ते.

मी म्हटलं, "तू कधी बोलली नाहीस."

"कोणाला बोलायचं? माझ्या आईला कळू दिलं नाही, तेवढं केलं. तिला सांगितलं, सिमल्याला घातला, सगळ्यांना आवडला. तिने विचारलं बर्फ कसा असतो. मी काहीतरी सांगितलं."

मला बसावंसं वाटलं. बसले. माफ कर म्हणायचं असतं हे मला माहीत आहे. म्हटलं पण. आमच्यात सासू सुनेला तसं म्हणत नाही, पण म्हटलं. ती ऐकून घेऊन मोजे घालत राहिली. "बरं" म्हणाली नाही, "जाऊ दे" म्हणाली नाही. बूट बांधले, टोपी घातली.

दहाला गाडीचा हॉर्न वाजला. मी शाल घेऊन उठले.

"तुम्ही थांबा इथे," ती म्हणाली.

"माझा श्वास ठीक आहे. खरंच ठीक आहे."

"असेल. मला एकटीला जायचंय."

मालकिणीला तिने हिंदीत काय ते सांगितलं, मला पायरीवर उन्हात खुर्ची दिली, औषधाची गोळी आणि पाणी जवळ ठेवलं. जाताना वळून बघितलं नाही. गाडी वळणावर गेली, मग वरच्या वळणावर दिसली, मग दिसली नाही.

मालकीण परातीत दुसऱ्या दिवसासाठीचा राजमा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. मी हात पुढे केला, तिने निम्मा माझ्याकडे सरकवला. आम्ही दोघी खडे काढत बसलो. तिने विचारलं, बेटी है? मी म्हटलं, बहू. ती म्हणाली, अच्छी है. मी म्हटलं, हां.

सून दोनला परत आली. तोंड उन्हाने लाल झालं होतं, गुडघ्यापर्यंत ओली, टोपी हरवलेली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिला भूक लागली होती. दोन ताटं राजमा-भात खाल्ला. मी वाट बघत होते की आता सांगेल, कसा होता, हाताला कसा लागला. तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. विचारायचा हक्क कुठून आणायचा?

मालकिणीने विचारलं, "कैसा लगा, बहनजी?" आणि सून तिच्याशी बोलायला लागली. अर्धा तास बोलली. मांडीपर्यंत पाय कसा रुतला ते हाताने दाखवलं, घसरून बसली ते दाखवलं, मूठ वळून फेकून दाखवलं. मालकीण हसत होती. एवढं बोलताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. मला हिंदी निम्मी कळते, आणि ती भराभर बोलत होती. मी खुर्ची पुढे ओढली नाही. परातीत खडे उरले नव्हते, तरी दाणे इकडून तिकडे करत बसले, आणि जेवढं कानावर पडलं तेवढं ऐकलं.